मिठाचं पीक, ऑलिव्हचं पीक आणि पाहुणे हात

दिवाळीत माहुलला घरी होतो. पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं, खाली ताडपत्र्या अंथरलेल्या, पाच-सहा गोरी म्हातारी माणसं हाताने फळं ओरबाडून खाली टाकतायत. शेजारी शेतकऱ्याचं कुटुंब. तेवढ्यात बंदूक घेतलेला सैनिक येतो आणि सगळ्यांना कागद मागतो. पुतण्याने विचारलं, "काका, हे लोक दुसऱ्याच्या शेतात का राबतायत? मजुरी किती मिळते?"

मजुरी शून्य, असं सांगितलं. वर स्वतःच्या खर्चाने विमानाचं तिकीट काढून येतात. त्याला पटेना. "मग यांना मिळतं काय? आणि त्या शेतकऱ्याला आपलं पीक स्वतः काढता येत नाही का?"

दुसरा प्रश्न खरा. त्याचं उत्तर द्यायला मी त्याला गच्चीवर घेऊन गेलो. आमच्या गच्चीवरून माहुलची खाडी दिसते, तिवरं दिसतात, आणि पलीकडे वडाळा. आज तिकडे फ्रीवे आहे, मोनोरेलचे खांब आहेत, टॉवर आहेत. मधे मधे अजून मिठागरांचे चौकोन दिसतात. त्या चौकोनांत 1930 साली जे झालं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं. मला ते जरा सविस्तर सांगायचंय, कारण पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे आणि उरलेलं अर्धं तिथे नाही.

आधी पॅलेस्टाईनचं थोडक्यात. वेस्ट बँक हा भाग 1967 पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. तिथला शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्ह काढतो. वर्षाचं तेल, वर्षाचा पैसा त्यातच. पण 2002 पासून बांधलेल्या भिंतीने आणि कुंपणाने अनेक गावांची शेतं पलीकडे गेली. आपल्याच शेतात जायला परवाना लागतो. कुंपणाला शेतीसाठी दरवाजे आहेत, त्यातले बरेच फक्त हंगामात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला उघडतात. ज्यांची शेतं इस्रायली वसाहतींना लागून आहेत त्यांना वसाहतवाल्यांच्या मारहाणीची, झाडं तोडण्याची, पोती पळवण्याची भीती. इस्रायलच्याच सुप्रीम कोर्टाने 2006 साली सांगितलं की शेतकऱ्याला शेतात जाऊ देणं आणि तिथे त्याचं रक्षण करणं हे लष्कराचं काम आहे. निकाल आहे. पण 2024 च्या ऑक्टोबरात फक्कुआ गावात एक बाई ऑलिव्ह काढताना सैनिकाच्या गोळीने मेली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात नाब्लूसजवळच्या बुरीन गावात मदतीला आलेल्या 32 परदेशी माणसांना पकडून देशाबाहेर काढायचं ठरलं.

आता कुणी म्हणेल, 7 ऑक्टोबर 2023 विसरलात का? विसरलो नाही. हमासने त्या दिवशी सुमारे 1200 माणसं मारली, ओलीस नेली. तो गुन्हाच होता. पण तो झाला गाझाच्या सीमेवर, आणि त्याची शिक्षा म्हणून वेस्ट बँकमधल्या शेतकऱ्याचे शेतात जायचे परवाने बंद झाले. त्या हंगामात 96 हजार दुनमांपेक्षा जास्त ऑलिव्हचं पीक झाडावरच राहिलं, असं संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलंय. दुनम म्हणजे साधारण पाव एकर. म्हणजे चोवीस हजार एकर. आपल्याकडे चोवीस हजार एकर भात उभा सडला असता तर काय बोललो असतो, एवढंच विचारतो.

पण मुद्दा नुसता तेलाचा नाही. तिथे 1858 चा तुर्की जमीन कायदा अजून वापरला जातो. त्यात एक कलम आहे: शेतजमीन सलग तीन वर्षं विनाकारण पडीक राहिली तर सरकार ती परत घेऊ शकतं. आणि दहा वर्षं जो कसतो त्याचा हक्क तयार होतो. तुर्कांनी हे केलं होतं जमीन लागवडीखाली यावी, सारा मिळावा म्हणून. 1979 नंतर इस्रायलने हेच कलम धरून मोठ्या प्रमाणावर जमिनी 'सरकारी' ठरवल्या. आधी शेतात जाऊ द्यायचं नाही, मग म्हणायचं, पडीक आहे. म्हणून तिथला शेतकरी पाच किलो ऑलिव्हसाठीसुद्धा जीव धोक्यात घालून जातो. त्याच्यासाठी पीक काढणं म्हणजे जमीन माझी आहे याचा पुरावा ठेवणं. परका माणूस शेजारी असला की सैनिकाचा आणि वसाहतवाल्याचा हात जरा आखडतो, म्हणून हे पाहुणे. त्यात इस्रायलचेच ज्यू धर्मगुरूही आहेत. 'रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स' नावाची त्यांची संघटना गेली वीसएक वर्षं हंगामात शेतकऱ्यांबरोबर जाते.

पुरावा म्हणून पीक. ही गोष्ट आपल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर पीकपाहणीचा रकाना कशासाठी असतो? आता मोबाईलवर ई-पीक पाहणी करतो, शेतात उभं राहून फोटो काढतो, तो कशासाठी? तलाठ्याने कुणाचं नाव लिहिलं यावर या महाराष्ट्रात पिढ्या तरल्या आणि बुडाल्या.

आता मिठाकडे येतो.

आमच्याकडे मीठ 'पिकतं' म्हणतात. आगरी हा शब्दच आगरावरून आला. दिवाळीनंतर बांधबंदिस्ती, मग उधाणाच्या भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने घट्ट करायचं, शेवटच्या उथळ खणात दाणा धरायला लागला की लाकडी फावड्याने ओढून काठावर रास करायची. पायाखालची चिखलजमीन आधी तुडवून, ठोकून फरशीसारखी केलेली असते, नाहीतर मीठ काळं येतं. काम सगळं उन्हातलं. ऊन जितकं कडक तितकं पीक चांगलं. पावसाच्या आत रासा उचलायच्या. एक वळवाचा पाऊस पडला की केलेलं पाणी.

माझी आजी मिठागरावर पाट्या वाहायची. तिच्या टाचा इतक्या फाटलेल्या असायच्या की रात्री ती त्यात गोडेतेल आणि मेण भरायची. आम्हा पोरांना वाटायचं सगळ्यांच्या आजीचे पाय असेच असतात.

इंग्रजांनी या पिकावर कुलूप लावलं होतं. मुंबई इलाख्यात 1890 चा मीठ कायदा होता. परवान्याशिवाय मीठ करायचं नाही, पास आणि कर भरल्याशिवाय रास हलवायची नाही. मिठागराभोवती मीठ खात्याचे शिपाई. 1930 साली कर होता मणाला सव्वा रुपया. म्हणजे आगऱ्याने स्वतःच्या हाताने पिकवलेलं मीठ मूठभर कमरेला लावून घरी नेलं तर तो चोर. समुद्र समोर, मीठ पायाखाली, आणि घरात मीठ दुकानातून कर भरून आणायचं.

6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ करून कायदा मोडला. विलेपार्ल्याला जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांची छावणी उभी राहिली. खाली कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर 12 मेपासून महाराष्ट्रभरचे सत्याग्रही गेले. 5 मेला गांधीजींना अटक झाली आणि लढ्याने वेगळं वळण घेतलं. आता नुसतं घरी मीठ उकळणं नाही, सरळ मिठागरावर चाल. 21 मेला धारासण्याला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली माणसं रांगेने पुढे गेली, डोक्यावर लोखंडी टोकाच्या लाठ्या खाल्ल्या, हात वर केला नाही. वेब मिलर नावाचा अमेरिकन वार्ताहर तिथे होता. त्याची तार सरकारने अडवायचा प्रयत्न केला, तरी ती निघाली आणि जगभरच्या शेकडो वर्तमानपत्रांत छापून आली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला ती बातमी 'नमुना' म्हणून शिकवली होती. मला तेव्हा तिची शैली दिसली. आज कळतं की तो माणूस तिथे उभा होता हीच अर्धी बातमी होती.

आणि मग वडाळा, आमच्या गच्चीच्या समोरचं. 22 मेला तिथे 188 स्वयंसेवक पकडले. तीन दिवसांनी पुन्हा शंभर स्वयंसेवक आले, मागे दोनेक हजारांचा जमाव, लाठ्या चालल्या, गोळीबार झाला. सगळ्यात मोठी चाल 1 जून 1930 ची, रविवारी सकाळी. सुमारे पंधरा हजार माणसं. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकाशी पोलिसांनी कडं केलं होतं. तुकड्या येत गेल्या, गर्दी फुगत गेली आणि कडं फुटलं. बाया, पोरं, गिरणीतली, पेढीवरची माणसं चिखलातून धावत खणांत शिरली. ज्याला जसं जमेल तसं, धोतराच्या सोग्यात, टोपीत, पदरात मीठ भरलं. दीडशेच्या आसपास जखमी झाले. पकडलेल्यांना वरळीच्या कँपात ठेवलं, तिथेही दोन दिवसांनी झटापट झाली, लष्कर बोलवावं लागलं.

हे सगळं वाचताना अजून अंगावर काटा येतो. त्यात काही खोटं नाही. पण चाळिशी ओलांडल्यावर एक प्रश्न पडायला लागला, जो आधी पडला नव्हता. त्या दिवशी आगरी कुठे होते?

ज्या रासा पंधरा हजार लोकांनी लुटल्या, त्या कुणीतरी डिसेंबरपासून पिकवल्या होत्या. मे संपत आलेला, पाऊस तोंडावर, म्हणजे हंगामाचं शेवटचं मीठ काठावर पडलेलं. मी वाचलेल्या वृत्तांतांत पुढाऱ्यांची नावं आहेत, जखमींचे आकडे आहेत, गव्हर्नरच्या मंडळातला गृहखात्याचा सभासद स्वतः हजर होता हेही आहे. फावडं धरणाऱ्याचं नाव मला सापडलं नाही. तो परवानेवाल्याचा मजूर होता. रास त्याची नव्हती, जमीन त्याची नव्हती. मीठ देशाचं झालं, पण ते त्याचं कधी झालंच नाही.

सत्याग्रहींना कमी लेखायला हे लिहीत नाहीये. त्यांनी डोकी फोडून घेतली. त्यांचं काम होतं सरकारला दाखवणं की तुमचा कायदा आम्ही मानत नाही, आम्हाला धरा. तुरुंगात जाणं हेच यश. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात थोडी सोय झाली. मिठाच्या जागेलगतच्या गावांतल्या लोकांना घरच्यापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ घ्यायला, करायला परवानगी मिळाली, गावाबाहेर विकायला नाही. आगऱ्याच्या हाताला जे लागलं ते एवढंच. मीठ कर पूर्ण गेला तो 1947 च्या एप्रिलमध्ये.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो, तीही आगऱ्यांचीच. अलिबाग तालुक्यातलं चरी. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीसह पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. खोत पिकाचा अर्धा आणि वर नाना प्रकारचे वाटे घ्यायचा, शिवाय कागदावर कुळाचं नाव येऊ द्यायचा नाही. संप सहा वर्षं चालला. माणसांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, करवंदं, भाजी विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. नारायण नागूंनी 1937 ला 'कृषीवल' सुरू केलं, कारण आपली बातमी आपणच छापायला हवी हे त्यांना कळलं होतं. 1939 च्या कूळ कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला, 1948 चा कूळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

या दोन गोष्टींत फरक काय? वडाळ्याला पीक उचलायला बाहेरची माणसं आली आणि उचलून गेली. चरीला पिकाचं काय करायचं ते पिकवणाऱ्याने ठरवलं, बाहेरचे त्याच्या मागे उभे राहिले. म्हणून चरीच्या नातवंडांच्या सातबाऱ्यावर नाव आहे. वडाळ्या-माहुलच्या मिठागर मजुराच्या नातवंडांकडे काय आहे? माझ्याकडे आजीच्या टाचांची आठवण आहे.

भाताचं कूळ मालक झालं. मिठाचं कूळ झालंच नाही, कारण मीठ कायद्याच्या लेखी शेती नाही, उद्योग आहे. पिकतं म्हणायचं आपण, पीकपाहणीत ते नाही.

म्हणून तो ऑलिव्हचा व्हिडिओ मला महत्त्वाचा वाटला. तिथे जाणाऱ्या स्वयंसेवकांना आधी शिकवतात की शेत शेतकऱ्याचं आहे, निर्णय त्याचा. सैनिक आला आणि 'निघा' म्हणाला, तर थांबायचं की निघायचं हे शेतकरी ठरवणार. कारण पाहुणा जास्तीत जास्त विमानात बसवला जाईल, रात्री धाड पडेल ती शेतकऱ्याच्या घरावर. तुम्ही शूर दिसण्यासाठी आला नाहीत, पोती भरून घरी पोचावीत म्हणून आला आहात. वडाळ्याचा सत्याग्रही पकडला जायला गेला होता. हा माणूस शेतकरी पकडला जाऊ नये म्हणून जातो. त्याच्या दिवसाचं यश मोजायचं तर घाण्यावर किती पोती पोचली ते मोजायचं. आणि संध्याकाळी ऑलिव्हचे डाग पडलेले हात घेऊन तो बाजूला होतो. जमिनीवर नाव शेतकऱ्याचंच राहतं, निदान त्या वर्षापुरतं तरी.

यात सगळं गोड आहे असंही नाही. पाहुणे महिना-दोन महिने असतात, भीती बारा महिने असते. परदेशी माणूस दिसला की सैनिक जपून वागतो, यातच केवढी विषमता आहे! तुमच्या शेजाऱ्याच्या जिवाची किंमत पासपोर्टच्या रंगावर. पण ती विषमता ज्याच्या बाजूने आहे त्याने ती दुर्बळाच्या कामी लावावी, यापेक्षा चांगला वापर मला सुचत नाही.

आता घराकडे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मुंबईतली मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायला मंजुरी दिली. कांजूर, भांडुप, मुलुंड. त्यावर भरपूर वाद झाला. धारावीकरांना तिकडे का ढकलता, भरतीचं पाणी कुठे जाईल, फायदा कुणाचा. सगळे प्रश्न रास्त. फक्त एक प्रश्न मी फार कमी ठिकाणी ऐकला. त्या आगरांवर पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवणाऱ्यांची यादी कुणी केली का? आम्हा माहुलकरांना हे नवीन नाही. 1950 च्या दशकात इथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले तेव्हापासून आमच्या दारात काय यायचं ते दुसरीकडेच ठरतंय. 2017 नंतर पाइपलाइनवरची घरं पाडून हजारो कुटुंबं या प्रदूषणात आणून टाकली, तेव्हा बाहेरून कार्यकर्ते आले. पण त्या लढ्यातली एक गोष्ट मला आवडली. माइकवर बहुतेक वेळा त्या वसाहतीतल्या बायाच असायच्या. कार्यकर्ते कागद लिहून द्यायचे आणि मागे बसायचे.

पुतण्याला मी सांगितलं, शेतकऱ्याला स्वतःचं पीक काढता येत नाही असं नाही, ते त्याने काढलं की जमीन त्याची ठरते, म्हणून त्याला काढू देत नाहीत. आणि हे पाहुणे राबतात ते त्याच्याऐवजी नाही, त्याच्याबरोबर.

तो थोडा वेळ खाडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पणजी कुठल्या आगरावर जायची?"

मला सांगता आलं नाही. वीस वर्षं दुसऱ्यांची नावं छापतोय, आणि हे विचारून ठेवलं नाही.

म्हणून एक विनंती. वडाळा, आणिक, माहुल, तुर्भे, भांडुप, मुलुंड, पलीकडे उरण, पेण, तुमच्या घरात कुणी मिठागरावर काम केलं असेल तर त्यांचं नाव, आगराचं नाव आणि आठवत असेल तर साल खाली लिहा. सातबारा नाही, निदान यादी तरी होईल. मी ती नीट वहीत उतरवून ठेवणार आहे. पहिलं नाव आजीचं लिहिलंय. आगराची जागा कोरी सोडली आहे. आत्याला विचारून भरतो.